रानपिंगळ्याच्या मागावर : बसना ते शहादा

भिलाई हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलादाचा अवाढव्य कारखाना उभा राहतो. १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली, आणि तेव्हापासून देशाच्या नाना प्रांतांतून माणसे त्या गावी येऊन स्थायिक झाली. विदर्भातून आणि खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. अशा एखाद्या कुटुंबाचे बिऱ्हाड आज वैशाली नगरात असेल, तर गावाकडे जायचा रस्ता घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. भिलाईत त्याला जी. ई. रोड म्हणतात, आणि शासकीय नकाशावर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आहे. पश्चिमेला निघाले की राजनांदगाव, नागपूर, अमरावती, जळगाव करीत तो धुळ्याला पोहोचतो. पूर्वेला निघाले की रायपूर, आरंग, पिथोरा ओलांडून बसना व सराईपालीमार्गे ओडिशात उतरतो.

या रस्त्याच्या दोन टोकांशी एका लहानशा पक्ष्याची कथा निगडित आहे. तो पक्षी प्रथम मिळाला तो पूर्वेला, बसन्याच्या परिसरात. तो नाहीसा झाला असे जगाने धरून चालल्यावर पुन्हा सापडला तो पश्चिमेला, खानदेशातील शहाद्याजवळ. मध्ये गेली सव्वाशे वर्षे. या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. भारताबाहेर तो कोठेही आढळत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्या नव्या नोंदी एकामागून एक होऊ लागल्या आहेत, म्हणून त्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

पिंगळ्याचा रानातला भाऊबंद

पिंगळा हा पक्षी मराठी माणसाला नवा नाही. तिन्हीसांजेला जुन्या आंब्याच्या ढोलीतून बाहेर येऊन किचकिचाट करणारे ठिपकेदार जोडपे आपण पाहिलेच असेल. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार फिरणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपल्याकडे पिंगळाच म्हणत आले आहेत. याच कुळातला, परंतु वस्तीपासून दूर, सागवानाच्या विरळ जंगलात राहणारा हा आपला रानपिंगळा.

दोघांची उंची जवळजवळ सारखीच, म्हणजे वीतभर. रानपिंगळा सुमारे २३ सेंटीमीटर भरतो. तथापि त्यांच्यातला भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते. रानपिंगळ्याचा माथा करड्या-तपकिरी रंगाचा असून त्यावर ठिपके जवळजवळ नसतात. त्याचे डोके मोठे आणि पंजे चांगले दणकट असतात. पंख व शेपटी यांवर रुंद, ठळक पांढरे पट्टे दिसतात, छातीवर गडद तपकिरी रंग दाटलेला असतो आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. याच रानात जंगली पिंगळा नावाचा तिसरा एक पक्षी राहतो. त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सर्वांगावर बारीक आडव्या रेघा असतात. तेव्हा ठिपके, रेघा आणि कोरा माथा या तीन खुणांनी तिघे वेगळे ओळखावेत.

दुसरा भेद सवयीचा. घुबड म्हटले की रात्र आठवते, पण रानपिंगळा दिवसा वावरणारा आहे. सकाळच्या उन्हात पर्णहीन फांदीच्या शेंड्यावर तो उघड बसलेला असतो आणि तेथून जमिनीवर झडप घालतो. सरडे व त्यांचे भाईबंद हे त्याच्या आहारातले निम्म्याहून अधिक अन्न. त्याखेरीज उंदीर, नाकतोडे, क्वचित एखादा लहान पक्षी. चित्त विचलित झाले की तो शेपटी डावीउजवीकडे झटकतो. झाडाच्या नैसर्गिक ढोलीत त्याचे घरटे असते. त्यासाठी जुनी, जाड खोडाची झाडे लागतात, कारण कोवळ्या रोपवनात ढोली नसते.

सात नमुने आणि एकशे तेरा वर्षे

आता मूळ कथेकडे वळू. १८७२ च्या डिसेंबरात ब्ल्युइट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने बसना-फुलझर भागात एक अनोळखी पिंगळा टिपला. हा भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात मोडतो. भिलाईहून तो सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवर येतो, म्हणजे मोटारीने सकाळी निघाल्यास दुपारच्या जेवणाला पोहोचावे एवढ्या अंतरावर. तो नमुना ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेला. पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्या काळी हिंदुस्थानातील पक्ष्यांचा त्यांच्याइतका व्यासंगी दुसरा नव्हता. त्यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्यात ब्ल्युइटचे नाव गुंफले.

त्यानंतर १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना तो खरियारच्या परिसरात, आजच्या ओडिशाच्या सीमेत, मिळाला. पुढल्या दशकाच्या आरंभी जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याचे आणखी नमुने गोळा केले. हे सारे मिळून जगातल्या संग्रहालयांत अवघे सात नमुने जमा झाले. १८८४ नंतर मात्र सारे शांत झाले. कोणी पक्षी पाहिला नाही, कोणी त्याचा आवाज टिपला नाही.

मुळात हा पक्षी कसा ओरडतो, काय खातो, कोठे घरटे करतो, यांपैकी फारच थोडे लिहून ठेवले गेले होते. नोंदी किती सहज नष्ट होतात याचे उदाहरण खुद्द ह्यूम यांच्याच घरचे आहे. पंचवीस वर्षे खपून तयार केलेली त्यांची पक्ष्यांविषयीची हस्तलिखिते शिमल्याच्या घरातून एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. पुढे त्यांनी आपला पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पाऊण लाखाहून अधिक नमुने त्यात होते.

विसाव्या शतकात या पक्ष्याचा शोध घेणारे कोणी नव्हते असे नाही. डॉ. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनी १९७० च्या दशकात त्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांना यश आले नाही. नागपूरजवळ १९६८ मध्ये घेतलेली काही छायाचित्रे रानपिंगळ्याची म्हणून मानली गेली होती. नीट तपासता ती नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याची ठरली.

एक खोटी नोंद

शोध लांबण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते मोठे उद्बोधक आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका प्रसिद्ध इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे तो मिळाल्याची चिठ्ठी त्यावर होती. इतरांच्या नोंदी १८८४ पाशी थांबलेल्या असताना ही एकच नोंद तीस वर्षे पुढची. साहजिकच पक्षितज्ज्ञांनी तिला मोठे महत्त्व दिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ विदुषीला या नमुन्याचा संशय आला. संग्राहक पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरतो. आणि प्रत्येकाची शिवण्याची व भरण्याची पद्धत त्याच्या हस्ताक्षरासारखी निराळी असते. क्ष-किरणांनी आणि धाग्यांच्या तपासणीने असे दिसून आले की, हा पक्षी आधी डेव्हिडसनच्या पद्धतीने भरलेला होता आणि मागाहून तो उसवून पुन्हा भरण्यात आला होता. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला नमुनाच ब्रिटिश म्युझियममधून चोरला गेला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी चढली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ही सारी हकीकत पुराव्यासह प्रसिद्ध केली.

वाचकांना वाटेल, एका चिठ्ठीने असे काय बिघडते? बिघडते ते असे की, ज्याला आपण शोधत आहोत तो कोठे होता हेच चुकीचे कळले, तर शोधणाऱ्याचे श्रम भलत्याच दिशेने जातात. मांडवीची नोंद बाद झाली आणि खऱ्या जागा तेवढ्या उरल्या : पूर्वेला छत्तीसगड व ओडिशाचा सीमाभाग आणि पश्चिमेला खानदेश.

शहाद्याची सकाळ

१९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. पहिले काही दिवस त्यांनी पूर्वेकडील जुनी ठिकाणे पालथी घातली. तेथे रानपिंगळा दिसला नाही. मग ते खानदेशाकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग यांना एका उघड्या फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. त्याच्या माथ्यावर ठिपके नव्हते. पट्टे ठळक होते, पोट पांढरे होते आणि पक्षी भर उन्हात निवांत बसला होता. त्यांनी त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेतली. एकशे तेरा वर्षांनंतर रानपिंगळा पुन्हा माणसाच्या नजरेस पडला, तोही एका जिवंत जंगलात, संग्रहालयाच्या खणात नव्हे.

या बातमीने भारतीय अभ्यासक कामाला लागले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळ आणि मेळघाटात या पक्ष्याच्या सवयींचा अभ्यास केला. २००० च्या सुमारास चौदा वनभागांची पाहणी झाली. उत्तर महाराष्ट्र व नैर्ऋत्य मध्य प्रदेश मिळून चार ठिकाणी पंचवीस रानपिंगळे आढळले. पुढे मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूरच्या बाजूच्या जंगलांतून अधिक नोंदी झाल्या.

तोवर समज असा होता की, हा पक्षी सातपुड्याच्या कोरड्या सागवानी जंगलाला चिकटून राहणारा आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात तोही समज मागे पडला. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात, म्हणजे पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, दोन पक्षिनिरीक्षकांना रानपिंगळा दिसला. महानगरापासून शंभरएक किलोमीटरांवर, हजारो लोक जेथे सहलीला जातात अशा भागात हा पक्षी इतकी वर्षे कोणाच्या लक्षात न येता राहत होता! त्याच सुमारास गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. मांडवीची चिठ्ठी खोटी होती. परंतु गुजरातेत पक्षी खरोखरच होता, आणि तो खऱ्या नोंदीनेच सिद्ध झाला.

या नव्या नोंदींचा परिणाम असा झाला की, जागतिक निसर्गसंरक्षण संघाने २०१८ मध्ये रानपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात घातले. ही बढती दिलासा देणारी आहे. पण तिने हुरळून जाऊ नये. प्रौढ पक्ष्यांची एकूण संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. एखाद्या मध्यम खेड्यात जेवढी माणसे राहतात, तेवढेसुद्धा रानपिंगळे सबंध जगात नाहीत.

जंगल कोणाचे?

रानपिंगळा का घटला याचे उत्तर त्याच्या ढोलीत आहे. त्याला जुनी झाडे, मोकळी जमीन आणि शांतता हवी. ही तिन्ही एकत्र मिळणारी जंगले झपाट्याने तुटत गेली. इंधनासाठी लाकूड गेले, शेतीसाठी जमीन गेली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या आदिवासी कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याच्या राखीव जंगलातील काही हजार हेक्टर जमीन १९९० च्या दशकात मोकळी करण्यात आली. येथे दोष कोणा एकाच्या माथी मारणे सोपे नाही. ज्याचे घर बुडाले त्याला घर हवेच होते. आणि ज्याची ढोली तुटली तो बोलू शकत नव्हता. विकासाच्या हिशेबात या मुक्या पक्षाची बाजू मांडणारे कोणीतरी असावे लागते, एवढेच यातून घ्यावयाचे.

दुसरे संकट आपल्या मनातले आहे. घुबड अशुभ, त्याचे ओरडणे म्हणजे मरणाची वर्दी, त्याची नखे व पिसे जादूटोण्याला उपयोगी, असल्या समजुतींपायी दरवर्षी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, कित्येक घुबडे मारली जातात. ज्या लक्ष्मीची आपण पूजा करतो तिचे वाहन म्हणूनही आपण घुबडालाच ओळखतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घुबड मारणे, पकडणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. उंदीर फस्त करणारा हा पक्षी शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे, हे घरातल्या मुलांना सांगितले तर कायद्याचे निम्मे काम तेथेच होईल.

बसन्याचा पक्षी परत येईल काय?

भिलाईच्या वाचकांना आता साहजिकच प्रश्न पडेल : ज्या मातीत या पक्ष्याची पहिली ओळख झाली, तेथील काय? १९९७ नंतरच्या ज्या नोंदींनी रानपिंगळ्याला जगाच्या यादीत परत आणले, त्या साऱ्या पश्चिमेकडच्या आहेत. पूर्वेचे जुने ठिकाण जणू आपला पाहुणा परत येण्याची वाट पाहत आहे. परंतु तानशाचा धडा विसरून चालणार नाही. जेथे कोणी शोधलेच नव्हते, तेथे तो निघाला. महासमुंद जिल्ह्याच्या हद्दीला लागून बारनवापारा अभयारण्य आहे. १९७६ मध्ये ते स्थापन झाले, आणि साल व सागवान दोन्ही तेथे आहेत. अशा जंगलात हिवाळ्याच्या सकाळी डोळे उघडे ठेवून फिरणारी माणसे जितकी वाढतील, तितकी आशा वाढेल.

पक्ष्यांसाठी लोक एकत्र येऊ शकतात, हे छत्तीसगडने दाखविले आहेच. दुर्गच्या शेजारी बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदा ही जोडगावे आहेत. त्यांच्या तलावांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. २०२१ मध्ये राज्यातला पहिला पक्षी महोत्सव तेथेच भरला. महामार्गाने नागपूरकडे निघाले तर वाटेत गोंदिया जिल्हा लागतो. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस पक्षी मुख्यतः तेथेच आहेत. धानाच्या बांध्यांतील त्यांची घरटी सांभाळण्यास शेतकरी स्वतः पुढे येतात, आणि दर उन्हाळ्याअखेर त्यांची मोजदाद होते. त्याच जिल्ह्यातील नवेगावबांधच्या रानात वनाधिकारी म्हणून राहून मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी नावे वेचली आणि पुढे पक्षिकोश सिद्ध केला. २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. आदिवासी सोबत्यांकडून एकेक नाव विचारून घेऊन ते टिपून ठेवण्याची त्यांची रीत आपल्या सर्वांना अनुकरणीय आहे.

आपण काय करावे?

पक्षी पाहण्यास पदवी लागत नाही. एक साधी दुर्बीण, एक वही आणि थोडा धीर एवढे पुरते. आरंभ घराजवळून करावा. वैशाली नगरातील असो की वसईतील, आपल्या गल्लीतल्या जुन्या झाडात पिंगळा राहतो काय, हे मुलांबरोबर सांजवेळी पाहावे. त्याचे ठिपके एकदा नीट ओळखीचे झाले की, रानात गेल्यावर ठिपके नसलेला पिंगळा आपोआप नजरेत भरेल. सामान्य पक्षी ज्याला ठाऊक आहे, दुर्मिळ पक्षी त्यालाच ओळखता येतो.

वहीत पुढील गोष्टी जरूर लिहाव्यात : तारीख, वेळ, नेमके ठिकाण, कोणत्या झाडावर पक्षी होता, किती वेळ दिसला, काय करीत होता, कसा ओरडला आणि बरोबर कोण होते. शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे. ही माहिती आपल्या वनविभागाला अथवा पक्षिमित्रांच्या मंडळाला कळवावी. आता ‘ई-बर्ड’सारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या नोंदवहीतही ती घरबसल्या लिहिता येते. मात्र खात्री नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. मांडवीच्या चिठ्ठीने काय केले ते आपण वर वाचलेच आहे.

पथ्येही पाळावीत. घरट्याच्या जवळ जाऊ नये. पक्षी समोर यावा म्हणून यंत्रावर त्याचा आवाज पुन्हापुन्हा वाजवू नये. त्याला तो प्रतिस्पर्धी वाटून त्याची शिकार व पिले दोन्हींकडे दुर्लक्ष होते. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचे ठिकाण चारचौघांत जाहीर करू नये. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारणतः ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत असतो, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा काळ. तेव्हा ही काळजी अधिकच घ्यावी. आणि आपल्या शेताच्या बांधावर एखादे ढोलीचे जुने झाड असेल, तर ते वठलेले दिसले तरी तोडण्यापूर्वी दोन दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवावे. आत कोणी राहत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

येत्या हिवाळ्यात आपण महामार्गाने पूर्वेला किंवा पश्चिमेला प्रवासास निघाल, तेव्हा मुलांच्या पिशवीत एक वही अवश्य टाका. रानातून जाताना सकाळी नऊच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांकडे पाहण्यास त्यांना सांगा. पिंगळा दिसला, तर आधी त्याचा माथा पाहावा.